सरासरीच्या वरचे

रविवार, ७ सप्टेंबर

बहरीनमध्ये घामाने मरायची पूर्ण तयारी करून आलो होतो. लक्षणं मात्र थंडीची आहेत. सीफमधल्या या ऑफिसात एसीचं तोंड नेमकं माझ्या टकलावर उघडतं. बाहेर डांबर वितळतंय आणि मी पहिल्याच दिवशी कानटोपीच्या शोधात. पन्नाशीला टेकलेल्या गृहस्थावर याहून मोठा अन्याय इतिहासात झाला नसावा. बाकी झकास. करक चहा मिळतो, खिडकीतून समुद्र दिसतो. दुकानांच्या एका साखळीचे आकडे चार्टांत मांडायचे, एवढंच काम. मुनीरा मॅडम बॉस, समोर नजीब, शेजारी सावनी आणि दीप्ती. या दोघी सनद नावाच्या वस्तीत एकाच फ्लॅटमध्ये राहतात. दोघींनी मला चहा संपायच्या आत ‘काका’ करून टाकलं.

मंगळवार, ९ सप्टेंबर

इथे कौतुकाचीही यंत्रणा आहे. कुणाचं काम आवडलं की ॲपवर त्याला तारा द्यायचा. दाराजवळच्या स्क्रीनवर प्रत्येकाच्या ताऱ्यांची पट्टी दिसते. सावनीची छताला लागलीय. आम्ही बाकीचे तिच्या पायाशी उगवलेलं गवत. आज तिने मला कॅलक्युलेटेड फील्ड शिकवलं, म्हणजे डेटात नसलेला रकाना आपणच सूत्र लिहून तयार करायचा. ती दुधाचे दात पाडत होती तेव्हापासून मी हे करतोय. तरी ‘वा’ म्हणालो. मॅडम म्हणाल्या, सगळ्यांनी सावनीकडून शिका. नजीबने टाळ्या वाजवल्या. माझ्या पोटात जे जळलं ते दुपारच्या मच्छीमुळे, असं मी ठरवलंय.

रविवार, १४ सप्टेंबर

आज मीही एक फील्ड केलं: प्रत्येकाचे तारे, वजा सगळ्यांची सरासरी. त्यावर एक ‘सेट’, म्हणजे आपल्या अटीने डेटातून वेगळा काढलेला गट. अट अशी, की सरासरीच्या वर असेल तो बाहेर. सावनीने सरासरी इतकी वर ओढलीय की त्या सरासरीच्या वर ती एकटीच. तिला बाहेर काढताच माझी पट्टी काय डौलात उभी राहिली. निव्वळ खासगी करमणूक होती. पण मॅडम मागे येऊन उभ्या. म्हणाल्या, अशा टोकाच्या आकड्यांनी चित्र बिघडतंच, बरं केलंत. आणि त्यांनी सेट मुख्य डेटालाच लावला. रोज दुपारच्या बांगेबरोबर डेटा रिफ्रेश होतो, तेव्हा तो लागू झाला. कौतुक झालं. तारा मात्र दिला नाही बाईंनी.

सोमवार, १५ सप्टेंबर

सावनीच्या टेबलावर प्रिंटर आहे. त्यावर धूळ. मॅडमना विचारलं, तर म्हणाल्या, कोण सावनी? थट्टा वाटली. दीप्तीला विचारलं. ती म्हणाली, काका, मी एकटीच राहते, दुसऱ्या पलंगावर कपडे वाळत घालते.

घाबरायला हवं होतं. मी आधी स्क्रीनकडे पाहिलं. माझी पट्टी वाढली होती.

मंगळवार, १६ सप्टेंबर

मॅडम नाहीत. नजीब नाही. पलीकडची अख्खी रांग नाही.

मी सेटमध्ये नावं घातली नव्हती, अट घातली होती. ती रोज नव्याने मोजते. वरचे गेले की सरासरी खाली येते, आणि कालचा मधला आज वरचा होतो. सेट काढायला गेलो, तर परवानगी फक्त मुनीरा मॅडमची लागते. आयटीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, या नावाचं आपल्याकडे कुणी नाही.

बुधवार, १७ सप्टेंबर

खुर्च्याच खुर्च्या. जन्मभर ज्या सामान्यपणाची लाज वाटली तेच आता वाचवतंय. कुणी तारा देऊ नये म्हणून मुद्दाम चुका करतोय. तरी एकाने दिलाच — सहानुभूतीचा —

तो देणाराही दुपारनंतर नाही.

गुरुवार, १८ सप्टेंबर

मी आणि दीप्ती. दोघांचे तारे सारखे. सारखे म्हणजे सरासरीइतकेच, वर कुणी नाही. म्हणून दोघंही आहोत.

तिला बजावलं, मला तारा देऊ नकोस, मीही देणार नाही. ती हसली. म्हणाली, इथे पहिल्यापासून आपण दोघंच, त्यातही रुसवे कसले काका.

रविवार, २१ सप्टेंबर

बांगेला थोडाच वेळ. दीप्ती सुट्टीवर, घरी. तिने तिथून मला तारा दिला. काका हल्ली उदास दिसतात म्हणून.

मी एकाने वर.

दोन परत दिले तर ती वर. मग मी एकटा. सगळ्यात उंच पट्टी — हेच तर हवं —

बोट दोनवर होतं.

एकच दिला. गुपचूप. फिटलं. सारखे झालो.

फोन वाजला. दीप्तीचा मेसेज. आमच्या चिपळूणला शेजारचं भांडं रिकामं परत करत नाहीत काका, म्हणून माझ्याकडून हा आणखी एक —

बांग सुरू झाली. रागावत नाही तिच्यावर. एक परत देतो, एकच — दाबलं — चाक फिरतंय, अजून गेला ना