सावरीचे राघू

२८ सप्टेंबर

फांदी माझ्या डोक्यावर न पडता बायनाबाईंच्या कुंपणावर पडली. म्हणजे अंदाज जवळजवळ बरोबर होता.

सावर. मऊ लाकूड, नवशिक्याला बरं. बायनाबाई शेजारी राहतात. त्या आधी कुंपणाबद्दल बोलल्या, मग फांदीबद्दल. म्हणाल्या, चांदण्या पाखात काऊन तोडून राह्यले भाऊ? भुंगे लागतेत. कोजागिरी होऊ द्या ना जी.

चांदण्याच्या पंधरवड्यात तोडलेलं लाकूड किडतं, हे इकडे पोराटोरांना माहीत असतं. मलाही आहे. पण कोजागिरीपर्यंत थांबलो तर उत्साह टिकणार नाही. मी स्वतःला ओळखतो.

योजना: दिवाळीला दारावर लाकडी तोरण. राघू, चांदण्या, मधे एक मोर. सगळं माझ्या हातचं. बायको, रंजीता, घटस्थापनेला नागभीडहून वडसाला गेली, भावाकडे. हवापालट. शिलाई मशीन सोबत नेली, कारण तिला रिकामं बसवत नाही. दिवाळीला परत येईल तेव्हा दारात थबकेल. असं ठरलं आहे. म्हणजे मी ठरवलं आहे.

३० सप्टेंबर

दिनक्रम. सकाळी कोरीवकाम. दुपारी ओसरीत बसून आश्विनाचा आनंद घेणे. स्वेच्छानिवृत्ती त्याचसाठी घेतली.

धान लोंबीवर आलं आहे. वास इथवर येतो. आनंद घेता घेता झोप लागली. कोरीवकाम उद्या.

३ ऑक्टोबर

पहिला राघू झाला. चोच तुटली. चोचीशिवायही राघू कळतो.

बायनाबाई म्हणाल्या, बदक बरं जमलं.

पटाशी बोथट आहे. नवी आणायला हवी.

६ ऑक्टोबर, कोजागिरी

दूध आटवलं. करपलं. रंजीताला फोन केला. मी काही सांगायच्या आत तिने विचारलं, दूध लागलं का खाली? दुधाच्या गंजात चमचा ठेवला नसन तुमी. इतक्या दुरून तिला कळतं. याला संसार म्हणतात.

मागे मशीन चालल्याचा आवाज येत होता. कधी येतेस विचारलं. पाहू म्हणाली.

तिचं पाहू म्हणजे हो. अठरा वर्षांचा अनुभव आहे.

मोराचा बेत रद्द. पिसारा नाजूक काम आहे. राघूंवर लक्ष केंद्रित करावं.

११ ऑक्टोबर

गोपाल टेम्पो घेऊन आला. रंजीताचा धाकटा भाऊ. ताईची पेटी न्यायची आहे म्हणाला. आणि उन्हाळी लुगडी. आणि आईने दिलेली पितळी घागर.

उन्हाळी लुगडी बरोबर आहेत. यंदा ऑक्टोबर फार तापतो आहे. घागरीचं कारण सुचलं नाही. कल्हई करायची असेल.

राघू दाखवले. भाऊजी, मस्त हायेत, असं तो जमिनीकडे पाहत म्हणाला. चहा घेतला नाही. माझ्याकडे पाहतही नव्हता. दिवाळीला काहीतरी सरप्राइज दिसतं.

१५ ऑक्टोबर

राघूंच्या खाली पिवळं पीठ पडतं आहे. सकाळी झाडलं, संध्याकाळी पुन्हा. अंगाला बारीक भोकं. लाकूड ताजं आहे, वाळताना असं होत असावं. वर ऑइलपेंट दिला. भोकं बुजली.

रात्री जेवताना आवाज आला. कर्र, कर्र. घरात दुसरा आवाज नसला की बारीकसारीक ऐकू येतं. उद्या रेडिओ दुरुस्त करून आणावा.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

तोरण लावलं. दिवे लावले. दारात उभा राहून पाहिलं. सुंदर.

सात वाजता फोन केला. उचलला नाही. लक्ष्मीपूजनाच्या वेळी फोन कोण उचलतं? मागून केला तेव्हाही पूजा चालली असावी.

आता परवा भाऊबीज. भावाला ओवाळायचं सोडून ती कशी येईल? मीच विचार करायला हवा होता.

बायनाबाई फराळाचं ताट घेऊन आल्या. तोरणाखाली उभ्या राहिल्या. पदरावरचं पीठ झटकलं. ताट ठेवून लगेच परतल्या. एरवी बोलल्याशिवाय जात नाहीत.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

आली नाही. तिकडे भाऊबीजेपासून मंडया सुरू होतात. गावोगाव जत्रा, रात्री नाटक, घरोघरी पाहुणे. मंडई टाकून माहेराहून कोण निघतं?

निर्णय: मीच मंडईला जातो. तिला घेऊन येतो. निवडक राघू सोबत नेतो.

२६ ऑक्टोबर, वडसा

गोपाल घरी होता. म्हणाला, ताई आता इथी राहत नाई भाऊजी. खोली केली तिनं. घर दाखवायला सोबत आला आणि वळणावरूनच परतला.

खोलीभर कपडे. राजाचे अंगरखे, राणीचा शालू, फौजदाराची वर्दी. नाटक कंपन्यांचं शिवणकाम घेते. बारीक झाली आहे. चेहरा बरा दिसतो. कंपनीचा एक माणूस दारात घाई करत होता, ताई, आज खेळ हाय, फौजदाराले बटनं तरी लावून द्या, नाईतर तो उघड्या छातीनंच अटक करन. ती हसली. तिचं हसणं मी विसरलो होतो असं नाही. पण बरेच दिवस ऐकलं नव्हतं.

त्या माणसाने विचारलं, हे कोण? ती म्हणाली, नागभीडचे हायेत.

आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. पण 'आमचे' तरी म्हणतात.

राघूंची पिशवी उघडली. पीठ राणीच्या शालूवर सांडलं. ती चिडली नाही. पूर्वी चिडायची. शालू झटकला आणि म्हणाली, पिशवी बाहेर ठेवा. खोली भाड्याची हाय, चौकटीले भुंगे लागतीन.

मी म्हणालो, तुझ्यासाठी केले.

माह्यासाठी कधीच नव्हतं, म्हणाली. तुमी काईबाई करता अन् मले बसून पाहा लागते. अठरा वर्सं पाह्यलं. आता माहे हात कामात हायेत.

मी विचारलं, मग मंडई झाल्यावर?

बटण लावता लावता म्हणाली, मी नाई येत. मंडईनंतर नाई, संक्रांतीले नाई. नाईच येत. दोरा दाताने तोडला. मग चहा दिला. कपबशीत, बशीत दोन बिस्किटं.

बराच वेळ त्या बोलण्यात 'पाहू' शोधत होतो. नव्हतं.

शेवटची गाडी गेली होती. गोपालकडे झोपतो आहे.

२७ ऑक्टोबर

सकाळच्या गाडीने आलो. बायनाबाई अंगणात सडा टाकत होत्या. मीच सांगितलं, रंजीता येत नाही.

त्यांनी बादली खाली ठेवली. चहा मांडू का म्हणाल्या. मांडा म्हणालो.