अंजोलोकच्या डोक्यावरून उडी

मजुरो बेट, विणकामाच्या घरातून

धाकट्या लितोक्वाला थोरल्या तेल्मिनाचे पोटभर आशीर्वाद,

मी तुझी बहीण. थोरली. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण मागच्या बोटीने आलेल्या पत्रात तू माझ्या गुडघ्याची चौकशी केली आहेस, आणि गुडघा आपल्या मधलीचा दुखतो, माझी कंबर. शेवटी 'सोबत कोंबडी पाठवत आहे' असंही लिहिलंयस. कोंबडी आली नाही. बोटवाल्यांनी खाल्ली म्हणावं तर पिसं तरी दिसली असती. तू ती पाठवायलाच विसरलीस, आणि ती आता तुझ्या अंगणात सुखाने अंडी घालत असणार. घालू दे. तुझ्या नवऱ्याचा खोकला, होडीचं शीड, तुमच्या ऐलुक बेटाची हवा, सगळं ठीक आहे असं मी धरून चालते. नसतं तर तू नाही, तरी बोटवाले बोलले असते.

हे पत्र पाद्रीबाई रोझिना लिहून घेते आहे. मी सांगेन तसंच लिहायचं असं ठरलंय. (ठरलं आहे, पण चर्चच्या कागदावर शोभणार नाही ते गाळीन. — रोझिना)

तर माझ्या मुलीने होनोलुलूहून मला एक टॅब पाठवला, म्हणजे तिला माझं तोंड दिसावं. पहिल्या दिवशी तिला माझा कान दिसला, दुसऱ्या दिवशी घराचं छप्पर, तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, 'आई, आपण नुसतं बोलतच जाऊ.' टॅब पडून राहिला. त्यात आधीपासून एक बास्केटबॉलचा खेळ होता, कार्टूनचा. आता बास्केटबॉल मला कुणी शिकवायला नको. चर्चमागच्या कोर्टावर भर पावसात चेंडू आपटत असतो, आणि माझा नवरा तर ज्या दिवशी वारला त्या दिवशीही दुपारी, कोण पुढे आहे, म्हणून विचारत होता. पण या खेळातल्या दोन गड्यांसारखं खेळताना मी कुणाला पाहिलं नव्हतं. डोकी कलिंगडाएवढी आणि पाय बोटाएवढे. टॅब चटईवर आडवा ठेवायचा, एक बाई या टोकाला, एक त्या टोकाला. प्रत्येकीपुढे दोन बाण आणि एक लाल गोल. बाणाने पळायचं, गोल दाबला की उडी, बोट उचललं की चेंडू हातातून सुटला. अक्षर एकही लागत नाही, म्हणून मला तो एका दुपारीत आला.

अंगठा मात्र चालेना. पंचावन्न वर्षं केतकीची पानं चिरून माझ्या अंगठ्याची टाच झाली आहे, आणि त्या काचेला वाटायचं कुणी वर लाकूड ठेवलंय. बिल्माचा अंगठा लगेच चालला. (बिल्मा म्हणजे आईकडून तुमच्या ऐलुकचीच. आमच्यात विणायला बसते, पण अंगठा अजून बाळाच्या गालासारखा आहे, यावरून ती किती विणते ते तूच समज.) मी खोबरेल लावून पाहिलं, तर माझा गडी जाईल तिकडे जातच राहिला. शेवटी करंगळी लावली. विणकामात करंगळीला काही काम नसतं, ती जन्मभर बसून खाते. तिला म्हटलं, चल, आता तू.

दुसरी अडचण मोठी होती. या खेळात समोरच्याच्या डोक्यावरून उडी मारून चेंडू जाळीत कोंबतात. आपण बसलेल्या माणसाजवळून जातानाही वाकून जातो. कुणाच्या डोक्यावरून मी कधी हात नेला नाही, आता म्हातारपणी पाय नेऊ? म्हणून मी लांबूनच टाकायला शिकले. लांबून गेलेल्या चेंडूला तीन गुण, डोक्यावरून कोंबलेल्याला दोन. हा खेळ ज्याने केला त्याची आईही आपल्या आईसारखीच असणार. बिल्माला असली लाज नाही, ती डोक्यावरूनच जाते. तरी महिन्याभरात विणकामाच्या घरातल्या सातही जणी माझ्याकडून हरल्या, तिच्यासकट.

आता मुद्द्याचं. नाताळच्या नाचात आपल्या बायकांच्या रांगेपुढे मी एकोणीस वर्षं आहे. यंदा बिल्मा सगळ्यांदेखत म्हणाली, 'तेल्मिना, तू वळेपर्यंत मागच्या बाया दुसऱ्या गाण्याला पोचतात. आता हो की बाजूला.' मी म्हटलं, 'होईन, पण तू पुढे उभी राहिलीस तर मागच्यांना चर्च दिसायचं नाही.' (रुंद आहे ती.) तिघी तिच्या बाजूला गेल्या, तिघी माझ्या. पाद्रीबुवा म्हणाले, तुमचं तुम्हीच ठरवा, आणि मासे धरायला निघून गेले. मग ठरलं, टॅबवर. पाच डाव, तीन घेईल ती नाताळला पुढे. लितोक्वा, हे हसण्यावारी नेऊ नकोस. नवरा गेला, पोरं होनोलुलूला गेली. वर्षभर मी चटईवर बसलेली एक म्हातारी असते. त्या एका दिवशी माझा हात वर गेला की तीस बाया हात वर करतात.

शनिवारी दुपारी बसलो. दोन डाव मी घेतले, दोन तिने. पाचव्यात माझे नऊ, तिचे दहा, चेंडू माझ्याकडे आणि घड्याळात थोडंसंच उरलेलं. माझे लांबचे चेंडू हवेत अडवायला ती एव्हाना शिकली होती. राहिली एकच वाट, तिच्या गड्याच्या डोक्यावरून. मी मनाशी म्हटलं, या कलिंगडाला ना आई ना गोत; एक उडी देव पोटात घालील. पळत गेले, लाल गोल दाबला, माझा गडी उडाला. तेवढ्यात बिल्मा मान वर न करता हळूच म्हणाली, 'मार, मार. पण कुणाच्या डोक्यावरून चाललीस ते वाच. वर नाव लिहिलंय. अंजोलोक.'

अंजोलोक. आपला थोरला भाऊ, ज्याच्यापुढे तू आणि मी तो मरेपर्यंत मोठ्याने हसलोसुद्धा नाही. त्या गड्याच्या डोक्यावर खरंच अक्षरं होती. मला सगळी अक्षरं सारखीच, वाळूवरच्या खेकड्यांसारखी. करंगळी आपोआप उचलली गेली, चेंडू बिल्माच्या हातात, आणि शिट्टी.

मी हरले नाही. मी मान दिला. यात फरक आहे, तो मी सगळ्यांना समजावून सांगितला आणि चौघींना पटलाही. पुढची जागा मी मोठ्या मनाने बिल्माला दिली आहे. माझ्या मनात काही नाही. घरच्या सगळ्यांना माझे आशीर्वाद सांग. अंगठा नीट उमटत नाही म्हणून खाली करंगळी उठवली आहे, ती माझीच समज.

तेल्मिना

ता. क. रोझिनाने सगळं वाचून दाखवलं, आणि अंजोलोकपाशी आल्यावर पेन खाली ठेवलं. टॅब मागवला, चष्मा पुसला. बिल्माच्या गड्याच्या डोक्यावर 'खेळाडू दोन' लिहिलंय म्हणे. माझ्यावर 'खेळाडू एक'. नाव कुणी कधी घातलेलंच नाही. (दोनदा वाचलं. — रोझिना) म्हणजे मी एका आकड्याला मान देऊन बसले. बिल्माला हाक मारून विचारलं, तर म्हणते, 'चष्मा घरी राहिला होता गं. मला तसंच दिसलं.'

आणखी ता. क. बोट तुमच्याकडून परत आली की पुढच्या शनिवारी पुन्हा पाच डाव. रोझिनाने बिल्माला कबूल करायला लावलंय. तेव्हा हे सगळं पत्र ज्यासाठी, ते काम ऐक. बिल्माच्या आईचा थोरला भाऊ तुमच्या ऐलुकला होता. लहानपणी बिल्मा त्याच्यासमोरून गुडघ्यांवर चालत जायची. त्याचं नाव काय, ते म्हाताऱ्यांना विचारून खात्रीने कळव. रोझिना ते माझ्या गड्याच्या डोक्यावर खऱ्या अक्षरांत घालून देणार आहे. (नाव खरं असेल तर त्यात खोटं काही नाही. — रोझिना) कागदावर मात्र लिहू नकोस, धक्क्यावर पत्रं बिल्माच निवडते. बोटीवरच्या आचाऱ्याच्या कानात सांग. आणि त्याच्याच हाती केतकीच्या फळांच्या गराच्या वाळवलेल्या दोन वड्या पाठव, पानांत घट्ट बांधून. लांब असेल ती माझी. दुसरी बिल्माला, तिच्या त्या मामाच्या झाडाची मिळाली तर फार बरं. शनिवारी संध्याकाळी तिला काहीतरी गोड लागेल.