दसऱ्यापर्यंत चित्रा बोलेल

६ जुलै १९५८, रविवार
काल चित्राला मुंबईला डॉक्टरांकडे नेलं. विलायतेत शिकून आलेले, लहान मुलांच्या मनाचे डॉक्टर. चित्रा पावणेचार वर्षांची झाली तरी बोलत नाही, हाक मारली तर बघत नाही, उचलून घेतलं की लाकडासारखी ताठ होते. डॉक्टरांनी तासभर तिला नुसतं मोकळं सोडलं. तिने त्यांच्या टेबलावरच्या टाचण्या एका ओळीत मांडल्या, सगळ्यांची डोकी एका बाजूला. मग डॉक्टर इंग्रजीत म्हणाले, हा ऑटिझम. शब्द नवा आहे, आपल्याकडे अजून फारसा कोणी वापरत नाही, असं तेच म्हणाले. म्हणजे पक्कं काही नाही. यावर औषध नाही असंही म्हणाले. औषध नाही म्हणजे आजार नाही, हा माझा निष्कर्ष.

मंदा शेजारीच बसली होती, पण तिला इंग्रजी येत नाही. जिना उतरताना तिला सांगितलं, उशिरा बोलेल म्हणताहेत, दसऱ्यापर्यंत. दसरा माझ्या पदरचा. बायकोचं मन हळवं. खरं सांगितलं तर खचेल. दोघांपैकी एकाने तरी खंबीर राहायला हवं.

डॉक्टरांनी आणखी एक विचारलं. आई थंड आहे का? अशा मुलांच्या आया पुष्कळदा 'कोल्ड' असतात, असं पुस्तकात आहे म्हणे. मी म्हणालो, "पॉसिबली." हे मंदाला कधीही सांगणार नाही. तेवढा मोठेपणा माझ्यात आहे.

७ जुलै
चौदा वर्षं डोंबिवलीहून ठाण्याच्या शाळेत जाऊन गणित शिकवतोय. ज्यांना अपूर्णांक म्हणजे काय ते कळत नव्हतं, अशी पोरं माझ्या हाताखालून मॅट्रिक झाली. एका मुलीला 'बाबा' म्हणायला शिकवणं म्हणजे किती काम! फक्त सिस्टिम हवी. टाइमटेबल केलं. सकाळी सहा ते साडेसहा 'बाबा'. संध्याकाळी सात ते साडेसात वस्तूंची नावं. रविवारी उजळणी. खळ लावून भिंतीवर चिकटवलं. दसऱ्याला पाटीपूजन करून बालवर्गात नाव घालायचं.

८ जुलै, सकाळी ६.४०
'बाबा' एकशे दहा वेळा म्हणालो. चित्रा स्टोव्हच्या आवाजाबरोबर हूं हूं करत होती. घसा बसला. शाळेत आठवीला दिवसभर फळ्यावर लिहून शिकवलं. इन्स्पेक्टर आले असते तर पंचाईत होती.

११ जुलै
टाइमटेबल भिंतीवर नाही. चित्राने खळ चाटली आणि कागद फाडून तुकडे उंबऱ्यावर मांडले. तुकडे सगळे सारख्या मापाचे. गणिताचं अंग आहे. अर्थात माझ्याकडून.

२० जुलै, रविवार
कल्याणहून भाऊ आले. वडील बंधू, वडिलांच्या जागी. ते म्हणाले, त्र्यंबका, तूसुद्धा चार वर्षांचा होईतो मुका होतास, नंतर मात्र दुसऱ्या कोणाला बोलू दिलं नाहीस. फार बरं वाटलं. भाऊंनी वेखंड आणलं होतं. मधात उगाळून जिभेला लावायचं. लावायला गेले तर चित्रा त्यांच्या बोटाला कडकडून चावली. भाऊ म्हणाले, दात उत्तम आहेत. उजळणी राहिली.

१० ऑगस्ट, रविवार
एकवीस दिवस लिहिलं नाही. चाचणीचे पेपर होते. शिवाय सर्दी. सकाळचा तास साडेसहाला सुरू करतो आहे, कारण सहाला मुलांचा मेंदू झोपेत असतो. वस्तूंची नावं बंद. एका वेळी एकच विषय घ्यावा.

आज चित्राने आपण होऊन माझं मनगट धरलं. ओढत दारापाशी नेलं आणि माझा हात कडीवर ठेवला. कडी काढली तशी निघून गेली. तरी धरलं तर खरं.

मंदा हल्ली तिला सारखी छातीशी धरते. चित्रा किंचाळते, ओरबाडते. मंदाचे दंड पाहवत नाहीत. अति लाड नकोत असं बजावलं. ऐकत नाही. रात्रीची जेवणं सगळ्यांची उभ्या उभ्याच होतात. दमलो आहे. पण हे प्रोग्रेसचं दमणं आहे.

७ सप्टेंबर, रविवार, सकाळी ९.२०
चित्रा बोलली!!

नीट लिहून ठेवतो. दगडाबाई म्हणून एक आगरीण खाडीकडच्या मिठागरातून मीठ घेऊन येते. टोपली डोक्यावर, आणि बोळाच्या तोंडापासून ओरडत येते. आज दगडाबाईचा पत्ता नव्हता आणि आमच्या ओट्यावरून आवाज आला, "मीठ घ्या गं मीऽऽठ!" तोच हेल, तोच नाकातला सूर. मंदा भांडं घेऊन धावली. ओट्यावर चित्रा एकटी, खांबाकडे तोंड करून.

अर्ध्या तासाने खरी दगडाबाई आली. तिला सांगितलं तर टोपली खाली ठेवून हसायलाच लागली. म्हणाली, "मास्तर, पोरीनं माजा धंदाच उचलला की!" मग बोळभर सांगत गेली की मास्तरांच्या पोरीला बोलायला मी शिकवलं. अडाणी बाई. दोन महिने घसा कोणाचा फुटतोय? 'बाबा' आणि 'मीठ' यांत अंतर फार नाही. ओठ मिटता येतात एवढं सिद्ध झालं.

मंदा भांडं हातात धरून बराच वेळ रडत होती. मी तिला म्हणालो, बघ, दसरा म्हटलं होतं ना.

८ सप्टेंबर
भाऊंना कार्ड टाकलं. बालवर्गाच्या हेमाताईंना सांगून आलो, मुलगी बोलते, दसऱ्याला घेऊन येतो. त्यांनी विचारलं, काय काय बोलते? म्हटलं, सध्या सुरुवात आहे.

२१ सप्टेंबर, रविवार
मी 'बाबा' म्हणतो, ती 'मीठ घ्या' म्हणते. काल दोन शेजारणी भांडी घेऊन बाहेर आल्या. दुसऱ्यांदा आल्या तेव्हा हसल्या नाहीत. आजपासून 'बाबा' दगडाबाईच्या सुरात म्हणून पाहणार.

२२ सप्टेंबर
पाहिलं. ठाण्याच्या गाडीला निघालेले तिघे जण बोळात थांबून बघत होते. पद्धत बंद.

५ ऑक्टोबर, रविवार, दुपार
हे लिहावं की नाही कळत नाही.

चित्रा मंदाला ओरबाडून पळाली. मंदा दंडाला हळद लावत बसली होती. वर न बघता म्हणाली, "तुम्ही पॉसिबली का म्हणालात?"

मला कळेना. विचारलं, कधी?

म्हणाली, "डॉक्टरांनी विचारलं, आई कोल्ड आहे का. तुम्ही म्हणालात, पॉसिबली."

तिच्या वडिलांनी तिला घरी इंग्रजी शिकवलं होतं. मी शाळेत गेलो की माझा इंग्रजी पेपर ती रोज वाचते. लग्नाला सात वर्षं झाली. पेपरची घडी वाऱ्याने मोडते असं मी धरून चाललो होतो.

म्हटलं, अगं मग आजवर बोलली का नाहीस? म्हणाली, "तुम्ही जिन्यात दसरा म्हणालात. तुमचा चेहरा बघून वाटलं, यांना तेवढाच आधार आहे, कशाला काढून घ्या."

मग म्हणाली, "तीन महिने तिला घट्ट धरतेय. माझा थंडपणा जावा म्हणून. तिला दुखतं हो ते. मला दिसतं तिला दुखतं ते, आणि तरी धरतेय."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, दसऱ्याला पंधरा-सतरा दिवस आहेत अजून. ती उठून हात धुवायला गेली.

बायकोचं मन हळवं वगैरे पहिल्या दिवशी लिहिलंय. खोडणार होतो. शाई फुटली असती म्हणून राहू दिलं.

२२ ऑक्टोबर, दसरा
हेमाताईंकडे तीस मुलं. झेंडूच्या माळा, पाट, पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती. चित्राला नवा परकर. दारापर्यंत छान आली. मुलांनी एका सुरात नमस्कार म्हटला आणि चित्राने कान दाबले. हेमाताईंनी वाकून विचारलं, बाळ, तुझं नाव काय? चित्रा खाली पडली. आडवी. अशी किंचाळली की बाकीची पोरंही रडायला लागली.

मी तिचे खांदे धरले. सगळ्यांसमोर ओरडलो, "बाबा म्हण! एकदा म्हण!" माझा आवाज मलाच ओळखू येईना. वर्गातल्या कुठल्या पोरावर असा ओरडलेलो नाही.

मंदाने माझे हात सोडवले. चित्राला उचललं नाही, शिवलीसुद्धा नाही. तिच्याजवळ जमिनीवर नुसती बसली, तीस मुलं आणि त्यांच्या आया बघत असताना, नवं लुगडं नेसून. पंधरा मिनिटांनी चित्रा थांबली. हेमाताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, मास्तर, मुलीत काही वाईट नाही हो, पण मी एकटी आणि ही तीस. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. मला भांडता आलं असतं.

सोनं वाटायला कोणाकडे गेलो नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार
मंदा चित्राला घेऊन एकटी डॉक्टरांकडे गेली. मला सहामाहीचे पेपर तपासायचे होते. खरं म्हणजे चार दिवसांनी दिले तरी चालणार होते.

संध्याकाळी आली. मी इंग्रजीतच बोलले, म्हणाली, चुका झाल्या असतील, पण त्यांना कळलं. तिने सरळ विचारलं, हे माझ्यामुळे झालं का? डॉक्टर म्हणाले, पुस्तकात तसं आहे. ही म्हणाली, पुस्तक लिहिणाऱ्याने एकदा डोंबिवलीला येऊन आमच्याकडे आठ दिवस राहावं. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, मलाही ते पटत नाही, पण माझ्यापाशी दुसरं पुस्तक नाही.

मग तिने विचारलं, आता काय करू? हे विचारायचं माझं राहिलं होतं. डॉक्टर म्हणाले, रोज सगळं त्याच वेळी, त्याच क्रमाने करा. धरू नका, जवळ बसा. आणि बोलणं कमी ठेवा. घरात जास्त कोण बोलतं, असं त्यांनी विचारलं.

तू काय सांगितलंस, असं मी विचारलं नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार
नवा संकल्प, आणि एकच. रोज चार ते पाच चित्राजवळ गप्प बसायचं. चकार शब्द नाही.

४.०० ला मागच्या अंगणात पेरूखाली बसलो. चित्रा काटकीने माती उकरत होती. मी हातभर अंतरावर. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, पण उठलीही नाही. काही वेळाने माती उकरत उकरत माझ्या बाजूला सरकली. तिचा परकर माझ्या पायाला लागत होता. एवढ्या जवळ ती आपण होऊन कधी बसली होती, ते आठवेना.

४.११ ला तिच्या पायाशी मुंग्यांची रांग आली आणि मी म्हणालो, "चित्रा, मुंग्या किती सांग बरं?"

ती उठली आणि आत गेली.

हाक मारणार होतो. तोंड उघडलं आणि मिटलं. मंदा दारात आली, माझ्याकडे बघितलं, चहाचा कप आणून बाजूला ठेवला आणि आत गेली.

चित्रा परत आली नाही. पाच वाजेपर्यंत मी तिथेच बसलो.