पंखा फिरला की भाकरी

॥ श्री ॥
आश्रमशाळा, ता. अकोले
२० नोव्हेंबर २०२४

चि. सौ. पंकजास,
राजेश्वरीचे अनेक आशीर्वाद.

दिवाळीहून परतले आणि शाळा सुरू झाली. इथे रेंज मिळवायची तर शाळेमागची टेकडी चढावी लागते, आणि वर पोचेपर्यंत दम लागून बोलताच येत नाही. म्हणून पत्र. तुझं अक्षर माझ्या सहावीच्या मुलांना दाखवायचं आहे, तेव्हा नीट लिही. माझ्या भावासारखं मुंग्या चालल्यागत नको.

एक काम आहे. इंग्रजी शब्द म्हटला की या मुलांना घाम फुटतो. म्हणून म्हटलं, तुमच्या आज्यासुद्धा रोज वापरतात असा शब्द घेऊ, ‘लाईन’. घरोघरचे अर्थ आणायला सांगितले. एकाने भाताच्या आवणातली रोपांची लाईन आणली, एकीने जीपसाठी लावायची. एक म्हणाला, बाई, वहीत असते ती लाईन, आणि तिच्यावर माझं अक्षर कधीच बसत नाही. तुमच्याकडचे अर्थ कळव.

आबांना नमस्कार. कल्याणला म्हणावं, खांबावर चढताना हातमोजे घाल.
आहे हा लोभ वाढवावा.

तुझी,
राजेश्वरी


॥ श्री ॥
बेलापूर, २ डिसेंबर २०२४

ती. राजूताईंना,
पंकजाचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

पत्र मिळालं, चुलीपुढे वाचून दाखवलं. अर्थ पुष्कळ निघाले. रेशनची लाईन, शेतात पुरलेली पाण्याची लाईन, आगगाडीची लाईन. तुमच्या भावाने हायस्कूलच्या रस्त्यावर माझ्यावर मारली तीही लाईनच, पण ती मुलांना सांगू नका. आबा म्हणाले, पोरगं अजून लाईनीला लागलं न्हाई, त्येबी लिही. ते खरंच आहे. पगार घेणारा वायरमन तालुक्याला राहतो, आणि खांबावर चढतात हे. लोक यांना झिरो वायरमन म्हणतात.

पण वस्तीवर लाईन म्हणजे आधी वीज. पाहुणीसारखी येते, जाते, रुसते. हे चढायच्या आधी डीपीच्या पेटीतला दांडा खाली ओढून लाईन बंद करतात आणि त्याला आपला लाल टॉवेल बांधतात. टॉवेल दिसला की कोणी दांड्याला हात लावत नाही, लहान पोरंसुद्धा नाही. काम संपलं की हेच टॉवेल सोडतात, दांडा वर करतात. घरात पंखा फिरला की मी समजते, हे उतरले. मग तवा ठेवते. ओट्यावर पाय धुवेपर्यंत पहिली भाकरी फुगलेली असते.

एक गंमत. विहिरीतले आपले वाटेकरी रामहरीकाका दिवसभर मोटर चालवतात, आपल्या पाळीला विहिरीत गाळ उरतो. परवा आबांनी काय करावं? दांडा खाली ओढून यांचा टॉवेल बांधला आणि घरी येऊन झोपले. कल्याण खांबावर आहे असं समजून रामहरीकाका संध्याकाळपर्यंत बांधावर बसून राहिले, विहीर भरली. आम्ही पोट धरून हसलो.

आपली माया अशीच राहू द्यावी.

आपली,
पंकजा


॥ श्री ॥
आश्रमशाळा, १३ डिसेंबर २०२४

चि. सौ. पंकजास,
अनेक आशीर्वाद.

तुझे अर्थ फळ्यावर लिहिले, मुलांना आवडले. आबांची गंमत मात्र मला आवडली नाही. पत्र दोनदा वाचलं, हसू आलं नाही. तो टॉवेल म्हणजे माझ्या भावाचा जीव आहे गं. एकदा लोकांना कळलं की नुसताच टॉवेल बांधता येतो, की मग त्याला कोण मानणार?

टेकडी चढून कल्याणला फोन केला. ताई, तू तिकडं डोंगरात बसून लई भितेस, म्हणाला. तूच त्याला सांग.
लोभ ठेव, आणि लवकर उत्तर दे.

तुझी,
राजेश्वरी


॥ श्री ॥
बेलापूर, २८ डिसेंबर २०२४

ती. राजूताईंना,
शि. सा. नमस्कार वि. वि.

लपवत नाही. रामहरीकाकांना कळलं. त्यांनी आबांना बोल लावला नाही, दुसऱ्याच दिवशी आमच्या पाळीला स्वतःच लाल फडकं बांधलं. आता दुसऱ्याची मोटर थांबवायला ज्याला त्याला ते सुचतंय. कोणी साडीचा काठ बांधतं, कोणी पोत्याची चिंधी. गहू-कांद्याचे दिवस, ऊस बिबट्याने धरलेला, रात्री पाणी द्यायला कोणी धजत नाही. दिवसाची लाईन प्रत्येकाला हवी.

काल रामहरीकाका वस्तीवर येऊन म्हणाले, हितून पुढं तांबडं दिसलं की आदी दांडा वर करीन, मंग बगीन खांबावर कोन हाय. आबा तंबाखू मळत राहिले. हे मात्र हसले. माझा टॉवेल वेगळा, काका वळखतात, म्हणाले. पेटीला कुलूप लावा म्हटलं तर पेटीचं दार कधीच भंगारात गेलंय.

परवा पंखा फिरला, मी तवा ठेवला, भाकरी करपून गेली तरी हे आले नव्हते. लाईन दुसऱ्याच कोणी सोडली होती. हे चढायच्या बेतात होते, चढले नव्हते, एवढंच.
लोभ असावाच, पण आता धीरही द्यावा.

आपली,
पंकजा


॥ श्री ॥
आश्रमशाळा, ६ जानेवारी २०२५

तीर्थरूप आबांस,
राजेश्वरीचा साष्टांग नमस्कार.

जास्त लिहीत नाही. कल्याण खांबावर असेल तेव्हा तुम्ही डीपीपाशी बसा. तो उतरून समोर येईपर्यंत उठू नका. टॉवेलाचं आता कोणी ऐकत नाही, तुमचं ऐकतील. रागावलात तरी चालेल.
आशीर्वाद असावा.

तुमची,
राजू


॥ श्री ॥
बेलापूर, १९ जानेवारी २०२५

ती. राजूताईंना,
शि. सा. नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र आबांनी तीन घड्या घालून टोपीत ठेवलंय. तेव्हापासून हे चढले की आबा डीपीखाली पोतं टाकून बसतात. लोक चेष्टा करतात, आबाला सरकारानं नोकरी दिली म्हणतात. आबा शिव्या हासडतात, पण उठत नाहीत. मी पुन्हा पंख्यावर भाकरी करायला लागले आहे.

आजही हे सकाळपासून चढलेत, उसापलीकडच्या खांबावर. तो डीपीपासून दिसत नाही. तुमच्या मुलांसाठी आणखी एक अर्थ : मुंग्यांची लाईन. आत्ता भिंतीवरून चालली आहे.

आबा आत्ताच ओट्यावर आले. ऊन्ह लागलं, घोटभर चहा दे, म्हणाले. कल्याणचं होतच आलंय, टॉवेल गच्च बांधलाय, लगेच जातो परत. त्यांना चहा दिला आणि मी पुन्हा पत्र लिहायला बसले.
घरच्या सगळ्यांवर असलेला जीव असाच असू द्यावा.

आपली,
पंकजा

ता. क. पंखा फिरायला लागला आहे. आबा कप हातात धरून पंख्याकडे बघत आहेत. तवा ठेवलेला नाही. आधी जाऊन बघून येते, मग पाकीट चिकटवते.