गाडीचे तोंड दक्षिणेला नको

लिहून ठेवणार मी, श्रीमती मीनाक्षी मुकुंद वैजापूरकर, वय एकोणसत्तर, राहणार गारखेडा परिसर, छत्रपती संभाजीनगर. दुय्यम निबंधक कार्यालयात नोकरी केल्यामुळे माणसे मृत्युपत्रात काय लिहितात आणि काय लिहायचे टाळतात, हे मी पुरेसे पाहिले आहे. मी काही टाळणार नाही. माझी बुद्धी शाबूत आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हे लिहावे म्हणून माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. लिहू नये म्हणून मात्र माझ्या मुलाने बराच आणला. तो चालला नाही.

कलम १. राहते घर आणि बँकेतील ठेवी माझा एकुलता मुलगा वरद याला मिळाव्यात. तो चांगला मुलगा आहे. फक्त आईला सांभाळायचे म्हणजे तिला घरात कोंडायचे, असे त्याला अलीकडे वाटू लागले आहे.

कलम २. अंगणात उभी असलेली गाडी माझी सून प्रेरणा हिला, तिच्या एकटीच्या नावाने मिळावी. ही पूर्वी एका शाळेची मिनीबस होती. माझे पती कै. मुकुंद मोजणी खात्यातून निवृत्त झाले तेव्हा आम्ही ती घेतली, आतली बाके काढली, पलंग, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवली. पांढऱ्या रंगाखालून पिवळा अजून डोकावतो. या गाडीत मुक्काम करत आम्ही दोघे खूप फिरलो, आणि सांगायला लाज वाटत नाही, आमचा खरा संसार तिच्यातच झाला.

माझे मोठे दीर तात्यासाहेब तेव्हा सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाले होते, "गाडीत झोपायला घर जळालं का तुमचं?" पुढे वेरूळच्या सहलीला आले तेव्हा हेच तात्यासाहेब आमच्या घडीच्या खुर्चीतून दिवसभर उठले नाहीत. ती खुर्ची त्यांना द्यावी. गाडीला हात लावू देऊ नये.

कलम ३. गाडीबरोबर मुक्कामाचे नियमही प्रेरणाला देत आहे. ते न पाळणाऱ्याला गाडीत झोपू देऊ नये, मग तो तिचा नवरा का असेना.

दिवस मावळायच्या आत पोहोचावे आणि जागेच्या मालकाला विचारल्याशिवाय गाडी उभी करू नये. वेरूळच्या अलीकडे केसरबाईंच्या शेताजवळ आम्ही पहिल्यांदा थांबलो तेव्हा मुकुंद विचारायला लाजत होते. मी बांधावर गेले. त्या म्हणाल्या, "ऱ्हावा की बाई, लई जागा हाय. पर हिरीवर साबण लावू नगा, अन् जाताना कचरा संगं न्या." त्यानंतर कितीदा तरी तिथे राहिलो, आणि दर वेळी नव्याने विचारले. ओळख झाली म्हणून जागा आपली होत नाही.

चाकाखाली लावलेला दगड निघताना होता तिथे ठेवावा. चपला पायरीखाली ठेवाव्यात आणि सकाळी झटकून घालाव्यात. झोपण्याआधी सिलिंडर बंद करावा, खिडकी बोटभर उघडी ठेवावी. भांडण दाराबाहेर संपवूनच आत यावे. आत रुसून जायला दुसरी खोली नाही. घोरणाऱ्याला कोपराने ढोसू नये. मी आयुष्यभर ढोसले, काही उपयोग झाला नाही.

कलम ४. आता मुख्य नियम. दक्षिणेकडे पाय करून आपल्यात फक्त गेलेल्या माणसाला निजवतात. आमच्या पलंगाची उशी मागच्या दाराशी आहे, म्हणून गाडीचे तोंड दक्षिणेला करून मुक्काम करायचा नाही. मुकुंद होकायंत्र घेऊन उतरत, मी स्टिअरिंगवर बसे, आणि गाडी सरळ होईपर्यंत आमच्यात चहासुद्धा होत नसे. ते होकायंत्रही प्रेरणाला द्यावे.

मुकुंद गेले आणि वरदने गाडीची किल्ली स्वतःकडे घेतली. "आई, या वयात एकटी बाहेर झोपणार? लोक काय म्हणतील?" असे म्हणाला. ती विकत घेऊन नाश्त्याची गाडी करणारे एक गिऱ्हाईकही बघून ठेवले. मग सर्व्हिसिंगहून आणून त्याने ती फाटकातून सरळ आत घातली आणि तशीच लावून टाकली. आमचे फाटक उत्तरेला आहे. गाडीचे तोंड थेट दक्षिणेला. मी म्हटले, "वरद, मी अजून जिवंत आहे." तो म्हणाला, उशी पुढे घे. पुढे सिलिंडर आहे. सिलिंडरला डोके लावून कोण झोपते?

मुकुंद गेल्यापासून मला घरात झोप लागत नाही. गाडीत लागते. माझे मागणे एवढेच होते, आणि ते माझ्या पोटच्या मुलाला कळले नाही.

प्रेरणा वाळूजहून कामावरून आली. मला गाडीच्या पायरीवर बसलेले आणि गाडीचे तोंड दक्षिणेला पाहिले. आत जाऊन वरदच्या खिशातून किल्ली घेऊन आली. "आई, फाटक पूर्ण उघडा." गल्लीत गाडी काढून ती उलटी आत घेऊ लागली, तसा वरद मागून ओरडू लागला, "डावीकडे, अगं डावीकडे!" तिने खिडकीतून डोके काढले. "अहो, तुम्ही आधी बाजूला सरका. देवगाव रंगारीला ट्रॉली उलटी घेतच मोठी झाले मी." एका दमात गाडी आत. ती देवगावच्या शेतकऱ्याची मुलगी म्हणून तात्यासाहेब लग्नाला आले नव्हते, हे इथे मुद्दाम नोंदवते.

किल्ली तिने माझ्या हातात दिली. ती आता माझ्या उशीखाली असते. मी जिवंत असेपर्यंत गाडी विकली जाणार नाही. येत्या शनिवारी मी वेरूळला मुक्कामाला जात आहे, एकटी. केसरबाईंना विचारून.

कलम ५. माझा अखेरचा प्रवास याच गाडीतून व्हावा. शववाहिका बोलावू नये. मला त्याच पलंगावर, त्याच उशीवर ठेवावे आणि गाडी प्रेरणाने चालवावी. स्मशानात पोहोचल्यावर, फक्त त्या एका दिवशी, गाडीचे तोंड खुशाल दक्षिणेला करावे. वरदने मागे उभे राहून दिशा सांगायला माझी हरकत नाही. त्याला तेवढे तरी करू द्यावे.

हे मृत्युपत्र मी साक्षीदारांना वाचून दाखवले आणि त्यांच्यादेखत सही केली.

सही: मीनाक्षी मुकुंद वैजापूरकर

साक्षीदार:
१. सुदर्शन रंगनाथ पाथ्रीकर, शेजारी
२. विश्वजीत दिगंबर सोनवणे, निवृत्त सहकारी

ठिकाण: गारखेडा, छत्रपती संभाजीनगर. घराच्या अंगणात, गाडीच्या पायरीवर.
दिनांक: ६ फेब्रुवारी २०२५
गाडीचे तोंड: उत्तरेला, फाटकाकडे.