गणपतीच्या जागेवरचा भाडेकरू

हरमल,
श्रावण वद्य. (तिथी पल्लवीला विचारून घालणार होतो, पण ती सध्या माझ्याशी बोलत नाही. का ते खाली येईलच.)

ती. सौ. कमलाक्षी वयनीस धाकट्या दिराचा वाकून नमस्कार.

पत्र लिहिण्यास कारण की, कारण आहे. इथे आम्ही सगळी खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो, त्यावर फार विसंबू नका. तुमचे गुडघे कसे आहेत? मागच्या वेळी दिलेलं तेल संपलं असेल तर कळवा, इथे आता एक बाई तसलंच तेल इवल्याशा बाटलीत भरून विदेशी लोकांना विकते आणि आम्हालाही त्याच भावाने देते. पावसाने पाळी गावच्या रस्त्यावरची लाल धूळ तरी बसली असेल, म्हणजे तुमचा खोकलाही बसला असेल. गाय व्याली हे कळलं. दादाची तब्येत मी मुद्दाम विचारत नाही, ती चांगलीच असणार आणि माझ्या दृष्टीने तीच काळजीची गोष्ट आहे.

फोन का केला नाही असं म्हणाल. वयनी, तुमच्याकडे फोन कधीही केला तरी दादाच उचलतो आणि उचलल्याबरोबर स्पीकरवर टाकतो. व्हॉट्सअॅपवर लिहावं तर तुमचा साईश जेवायला बसल्यावर सगळ्यांचे निरोप मोठ्याने वाचून दाखवतो. (हुशार मुलगा आहे, उच्चार स्वच्छ आहेत, पण हे त्याने वाचू नये.) म्हणून हातात पेन घेतलं. हे पत्र एकटीने वाचा. न्हाणीत गेलात तरी चालेल, पण कडी लावून.

तर आपल्या पुढच्या खोलीत एक माणूस राहतो.

हे वाक्य मी किती वेळा लिहून खोडलं ते कागदाच्या मागच्या बाजूला दिसेल. पुढची खोली म्हणजे तीच, गणपतीची. माणूस विदेशी आहे, हॉलंडचा. नाव यान. वय दादाएवढं, अंगाने शिडशिडीत, तिकडे टपाल खात्यात होता, आता पेन्शनवर आहे. त्याचं म्हणणं, तिकडे त्याची पेन्शन घरभाडं आणि थंडीत घर गरम ठेवणं यातच संपते, नंतर जेवायचं की नाही ते महिन्या महिन्यावर ठरवावं लागतं. इथे त्याच पैशात तो मासे खातो, शहाळं पितो, शिंप्याकडून पँटी शिवून घेतो, दात काढून घेतो आणि वर शिल्लक टाकतो. त्याला कोंकणीतले चार शब्द आले त्यातला पहिला 'कितलें'. पोदेर पावाची टोपली घेऊन सायकलचा भोंगा वाजवत आला की हा उंडो हातात घेऊन कितलें विचारतो, उत्तर ऐकून डोळे मिटून हसतो आणि फार स्वस्त, फार स्वस्त असं त्याला तोंडावर सांगतो. वयनी, असं कोणी विकणाऱ्याला सांगतं का? मासे विकणारी क्षमा हे ऐकून बसली होती. दुसऱ्या दिवसापासून बांगडा आम्हालाही हॉलंडच्या हिशेबाने. यान बाजारातून स्वस्ताई घेऊन येतो, मी त्याच बाजारातून महागाई घेऊन येतो, आणि दोघे दारापुढच्या एकाच बाल्कांवात बसून आपापली पिशवी उघडतो. त्याला माझं तोंड का उतरलंय ते कळत नाही.

आता तो पुढच्या खोलीत कसा आला ते सांगतो, कारण दादा पहिला प्रश्न तोच विचारील. दिवाळी झाली होती. हरमलात तेव्हा कोणाला गणपतीची चवथ आठवत नाही हो. सगळा गाव खोल्या झाडतो, चादरी धुतो, स्कूटरींचे ब्रेक बघतो. आमच्या मागच्या खोल्या सगळ्या भरलेल्या, आम्ही स्वतः स्वयंपाकघरात झोपत होतो (ते आमचं दर मोसमाचंच आहे, आमच्या लेकीला, सायलीला, तर आता चुलीजवळच झोप लागते). अशा वेळी हा आला आणि म्हणाला, मला महिन्यापुरतं नको, वर्षाची खोली हवी, मधे व्हिसाच्या नियमाने बाहेर जावं लागेल तेव्हा कुलूप लावून जाईन. उघड्या दारातून त्याला पुढची खोली दिसली. उंच छप्पर, वाऱ्याला उघडी दोन मोठी जनेलं, शेणाने सारवलेली नसली तरी थंडगार जमीन. छताला माटोळीची लाकडी चौकट बघून त्याने विचारलं हे कशाला. मी म्हटलं, टांगायला. खोटं काही बोललो नाही. त्याने तिथे झोपाळा टांगला, जाळीचा, त्यात दुपारचा झोपतो. जिथे आपण गणपतीच्या डोक्यावर आंबाडे, तोरींगं, सुपारीचे शिपटे बांधतो, बरोबर तिथे. पल्लवी तेव्हा डिचोलीला माहेरी गेली होती. आली, दारात उभी राहिली, वर बघितलं, खाली बघितलं, आणि एवढंच म्हणाली, गणपती खंय बसतलो? मी म्हटलं, अजून दहा महिने आहेत.

वयनी, मला दुसऱ्या कशाची भीती नाही. बाबा गेले त्या वर्षी दादाने घराच्या वाटण्या मागितल्या नाहीत. त्याच खोलीत उभा राहून म्हणाला, तू इथे राहा, खोल्या भाड्याने दे, काय हवं ते कर, पण चवथीला मी येईन तेव्हा गणपती आपल्या जागी दिसला पाहिजे. नाही दिसला तर मी त्याला पाळीला नेईन. तुम्ही त्याच्या शेजारी उभ्या होता, तुम्हाला आठवत असेल, तो हे ओरडून बोलला नव्हता. ओरडला असता तर मी एवढा घाबरलो नसतो. वर्षभर या घराकडे कोण फिरकतं? चवथीला मात्र सगळे भाऊबंद येतात, मुंबईची येतात, सावंतवाडीची येतात, पायात पाय अडकतात, नेवऱ्या पुरत नाहीत, पुरुष रात्रभर आरत्या म्हणून घसे बसवतात. गणपती पाळीला गेला की ही सगळी माणसं पाळीला जाणार. मग हे आपलं घर राहणार नाही, भाड्याच्या खोल्या राहतील, आणि मी चाव्या देणारा माणूस. हे मी पल्लवीला बोललो नाही, तुम्हाला लिहितो आहे.

नागपंचमीपासून मी प्रयत्न सुरू केले. प्रथम मी यानला मागची एसीची खोली त्याच भाड्यात देऊ केली. तो म्हणाला एसीने सांधे धरतात आणि विजेचं बिल येतं. मग मी म्हटलं, पुढच्या खोलीचं छप्पर गळतं, धोका आहे. तो खूश झाला. स्वतः शिडी लावून वर चढला, फुटकं कौल शोधून काढलं, बदललं, आणि गवंड्याची मजुरी वाचली म्हणून माझं अभिनंदन केलं. मग पल्लवीला सांगून त्याच्या माशांच्या हुमणात तिखट वाढवलं. (तिने वाढवलं, पण माझ्याकडे बघत वाढवलं, आणि अबोला धरला तो तिथूनच.) नाकाडोळ्यांतून पाणी काढत त्याने तीनदा मागून घेतलं आणि मसाला कितलें म्हणून विचारलं. वयनी, माणूस वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं. तो सायलीला गणित शिकवतो, विहिरीचा रहाट त्याने दुरुस्त केला, पावसात दोरीवरचे कपडे काढायचे विसरलो तर तोच काढतो. अशा माणसाला निघ म्हणायला जीभ रेटत नाही.

इकडे दादाचा दर दोन दिवसांनी फोन. पुढच्या खोलीत आवाज कसला? मी सांगितलं, रंगारी आले आहेत. मग दर दोन दिवसांनी, कुठला रंग काढलास, दुसरा हात झाला का, भिंतीला ओल नाही ना. मी इतकं सविस्तर सांगत गेलो की एकदा खरंच रंग आणून ठेवला. अजून डबा उघडलेला नाही.

शेवटी वाटलं, गणपतीचीच जागा बदलता येते का बघावं, फक्त या वर्षी. ते आपल्या मनाने करायचं नसतं हे मला कळतं, म्हणून देवळात कौल लावायला गेलो. यान मागोमाग आला, त्याला घरी राहा म्हणता येईना. देवाला पाकळ्या लावल्या, मी मनात गाऱ्हाणं घातलं, की स्वयंपाकघराच्या बाजूला बसवला तर चालेल का, चालत असेल तर उजवी दे. बराच वेळ काही पडेना. गुरव माझ्याकडे बघतो, मी देवाकडे, यान पाकळ्यांकडे, श्वास धरून. आणि पडली ती डावी, टपकन. यानने बाहेर आल्यावर विचारलं, देव काय म्हणाले? मला राहवलं नाही. तिथेच पायरीवर बसून सगळं सांगून टाकलं, गणपती, माटोळी, दादा, बाबा, सगळं. बोलता बोलता मला रडू आलं हे कोणाला सांगू नका.

यानने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, हे आषाढातच का नाही बोललास, तुमचा देव येणार आहे आणि मी त्याच्या जागेवर झोपतो आहे, मी कधीच निघालो असतो. वर म्हणाला की चवथीत हॉटेलांचे दर वाढलेले असतात, तेव्हा हॉटेलात जाणार नाही. पण तुझा भाऊ सगळ्या कुटुंबासकट इथे येणार म्हणजे त्याचं घर रिकामं राहणार. मी तिथे राहीन. अंगण झाडीन, गाय बघीन. इतकं पटकन बोलला की जणू आधीच ठरवून ठेवलं होतं. मी तिथेच हो म्हटलं, वयनी. उद्यापासून पुढची खोली मोकळी. आज त्याने स्वतः झोपाळा सोडला, जमीन पुसून घेतली आणि चौकटीला तेलाचा हात दिला.

तेव्हा आता सगळं तुमच्या हातात आहे. दादाला तुम्ही सांगा, जेवण झाल्यावर, पान लावून झाल्यावर, आणि शक्यतो तो बसलेला असताना. गणपती आपल्या जागीच बसणार आहे, तेवढं आधी सांगा, बाकीचं मग. माटोळीचं रानचं सामान नेहमीप्रमाणे तुम्हीच आणा, इथे कवंडाळं बघायला मिळत नाहीत आणि मिळाली तर भाव विचारायची सोय नाही. साईशला आशीर्वाद. तुमच्या पायांवर डोकं ठेवून थांबतो.

आपला
गौरेश

ता. क. हे पत्र आणणारा जो उंच गोरा माणूस तुमच्या दारात उभा असेल, तोच यान. पोस्टाने चवथ उलटली असती. त्याला मराठी वाचता येत नाही, तेव्हा निश्चिंत असा. तुम्ही निघेपर्यंतचे दोन दिवस त्याला मागच्या पडवीत झोपू द्या. चहात साखर घेत नाही. तुमच्याकडचे भाव विचारील, खरे सांगू नका, नाहीतर चवथीनंतर तो पाळीहून परत येणार नाही आणि मला मात्र आगाऊ घेतलेले उरलेल्या दोन महिन्यांचे पैसे परत करावे लागतील.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवलं होतं ते पुन्हा फोडलं. यानला पाळीची वाट समजावून सांगायला गेलो तर तो म्हणाला, मला ठाऊक आहे. डिचोलीला बस बदलायची, पिंपळाकडे उतरायचं, आणि गाईला डाव्या बाजूने हात लावायचा नाही, लाथ मारते. हे तुला कोणी सांगितलं विचारलं, तर म्हणाला, महादेवने, म्हणजे आपल्या दादाने. मी बाजारात जातो तेव्हा माझा फोन बाल्कांवात चार्जिंगला असतो ना, तो हा उचलत होता. श्रावण लागल्यापासून दोघे बोलताहेत, दादा कोंकणीत आणि हा त्याच्या चार शब्दांत. घर रिकामं असतं, तू इकडे ये, हेही दादानेच सांगितलं. आणि गौरेश स्वतः तोंड उघडेपर्यंत काही बोलू नको, हेही. मी पल्लवीकडे बघितलं तर ती नारळ खवत होती आणि तिने मान वर केली नाही.

म्हणजे आता तुम्ही दादाला काही सांगायची गरज उरली नाही. माझी विनंती एकच. यानच्या हाती उलट निरोप पाठवता येणार नाही, तेव्हा दादा दुपारचा झोपला की मला एक मिसकॉल द्या, मी फोन करतो, आणि एवढंच सांगा, वयनी. त्याच्याशी बोलताना दादा हसत होता का?