खिशातलं औषध

बाबा,
हैदराबादहून वैशूचा नमस्कार. मी बरी आहे, फक्त इथला भात घशाखाली उतरत नाय.

आईचा ताप उतरला का? ती म्हणाली, खर्डीत कोणीतरी आमच्या लॅबचं फ्लूचं औषध विकतोय. मला संशय येतोय. आमचे आरएनएचे तुकडे विषाणूची वाढ रोखतात खरे, पण अजून फक्त उंदरांमध्ये. ते बर्फाहून थंड ठेवावे लागतात. हा म्हणे शर्टाच्या खिशातून बाटली काढतो.

आणि विषाणूचं चित्र दाखवतो, मनस्वीच्या लग्नपत्रिकेच्या मागे काढलेलं. ते चित्र दिवाळीत मीच काढलं होतं, साईनाथदादाला समजावताना.

आईला ते औषध देऊ नका, डॉक्टरकडे न्या. फोन दादाच्या हातात असतो, म्हणून पत्र लिहिलं.

तुमची,
वैशू